अंगालगतचा वारा

तिवसा

प्रिय चिऊ,

काल फोनवर तुझा आवाज पडलेला होता. पंखाच्या नमुन्यावरची बारीक छिद्रं धुळीनं बुजली, महिनाभराची चाचणी वाया गेली, एवढं बोललीस आणि फोन ठेवलास. मला मग झोप लागली नाही.

आपल्या वावरातला पाट आठव. मधलं पाणी पळतं, काठाचं रेंगाळतं. दगड आडवा आला की त्याच्यामागं तुरीचं पान उलटं फिरत बसतं. पंखावरही तेच. पृष्ठभागाला टेकलेला वारा जवळजवळ थांबलेला असतो. पंखाचा उतार लागला की समोरचा दाब वाढत जातो, दमलेल्या त्या थराला तो रेटवत नाही. थर मागं फिरतो आणि सगळा प्रवाहच पंख सोडून देतो. तोच थर छिद्रांतून आत ओढून घेतला, की वरचा वेगवान वारा खाली येतो आणि पंखाला धरून राहतो. 1904 साली हायडेलबर्गला लुडविग प्रांट्ल यांनी हा थर पहिल्यांदा उलगडला, तेव्हाच नळकांड्याच्या एका बाजूला फट ठेवून हे ओढणंही दाखवलं होतं. पुढं आपले विष्णू माधव घाटगे त्यांच्याचकडं ग्योटिंगेनला शिकले. त्यांनी घडवलेलं एचटी-2 विमान 1951 मध्ये उडालं. तू याच घराण्यातली आहेस, असं मी मानतो.

आता धूळ. नासानं 1980 च्या दशकात जेटस्टार विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेला दहा लाखांवर छिद्रं पाडली होती, एकेक सुमारे 0.06 मिलिमीटरचं, केसाएवढं. त्यांना छळलं किड्यांनी. कडेवर चिरडलेला एक किडाही शांत वाहणारा वारा विस्कटून टाकतो. म्हणून त्यांनी पुढं एक आडोसा बसवला. जमिनीजवळ उघडायचा, उंचावर मिटायचा.

संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळ्या चोंदायच्या, तेव्हा तू प्रत्येक नळीचं टोक उघडून पाणी सोडायचीस. पांढुरका गाळ संपून स्वच्छ पाणी येईपर्यंत उन्हातून हटायची नाहीस. त्या छिद्रांतून उलटी हवा सोडून पाहिलीस का, पोरी?

दिवाळीला येशील तेव्हा तो नमुना फेकू नकोस, फडक्यात गुंडाळून घेऊन ये. मला ती छिद्रं भिंगाखाली बघायची आहेत.

तुझा,
मामा