बॅगेतील लहान उशी

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा आपल्याकडील जुना रिवाज. सोलापुरातील टॉवेल-चादरींच्या त्या व्यापारी घरातही तसेच ठरले होते. जळगावच्या माहेरी खोली तयार होती, डिंकाच्या लाडवांचे सामानही आले होते. परंतु 32व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार खाली, गर्भाशयाच्या मुखावरच असल्याचे दिसले आणि सारे बेत बदलले. अशा स्थितीत कळा सुरू झाल्या तर बाळाच्या आधी वार सुटू लागते आणि रक्तस्राव दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, 37व्या आठवड्यात सिझेरियन करण्याचे ठरविले आणि बजावले, "त्याआधी रक्त दिसले, तर पोटात दुखो वा न दुखो, तडक निघून या. बॅग आजच भरून ठेवा."

अशा रीतीने बॅग भरण्याचे काम सासूबाईंकडे आले.

व्यापाऱ्याच्या घरात कोणत्याही कामाचा आरंभ कागदाने होतो. सासऱ्यांनी एका फाइलमध्ये सोनोग्राफीचे सर्व अहवाल, रक्तगट व हिमोग्लोबिनचे कागद, चालू औषधांची चिठ्ठी, पती-पत्नीची आधार कार्डे आणि विम्याचे कार्ड क्रमाने लावले. विमा कंपनीकडे पूर्वमंजुरीचा अर्ज त्याच आठवड्यात गेला. रक्तपेढीत चौकशी झाली आणि मध्यरात्रीही येतील अशा चौघा नातलगांचे फोन क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहिले गेले.

मग आला बाळाचा ढीग. झबली, टोपरी, लंगोट, दुपटी. दुकानातील सर्वांत मऊ टॉवेल खळ जावी म्हणून दोनदा धुऊन घेतलेले. आजेसासूबाईंनी हौसेने काजळाची डबी आणि घुटीचे सामानही पाठविले होते. सासूबाईंनी ते आदराने परत नेऊन ठेवले. म्हणाल्या, "मध तर आपल्याकडे वर्ज्यच आहे; पण घुटीही नको, काजळही नको. सहा महिने आईच्या दुधावाचून काही द्यायचे नाही, पाणीसुद्धा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे." आजेसासूबाईंना ते फारसे रुचले नाही, पण त्या गप्प राहिल्या.

बॅग इतकी भरली की चेन लागेना. सूनबाई जवळच बसल्या होत्या. "आई, माझा एक गाऊन काढून ठेवा ना. माझे काय, एकात भागेल," त्या म्हणाल्या.

सासूबाईंचा हात थांबला. बॅगेत सुनेचे होतेच काय? दोन गाऊन, तेही तळाशी.

31 वर्षांपूर्वी त्यांचेही सिझेरियन झाले होते, ऐनवेळी आणि अपरात्री. अंगावरच्या साडीनिशी त्यांना दवाखान्यात नेले होते. बाळाचे कौतुक करायला घर लोटले. आईला विचारणारे कोणी नव्हते. उलट पाहायला आलेल्या बायका म्हणाल्या, "सुटलीस हो, कळा सोसाव्या लागल्या नाहीत!" त्याच दिवसांत त्यांना खोकला झाला होता. प्रत्येक ढासेबरोबर टाके उसवतील असे वाटे, आणि साडीची घडी पोटावर दाबून त्या रात्र काढीत. हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते. त्या वेळी जन्मलेले मूल आता स्वतः बाप होणार होते.

त्यांनी बॅग पलंगावर पालथी केली आणि नव्याने भरायला घेतली. या वेळी आरंभ आईपासून झाला. पुढून उघडणारे चार गाऊन. इलॅस्टिक टाक्यांवर घासू नये म्हणून बेंबीच्या वरपर्यंत येणाऱ्या सैल सुती चड्ड्या. मोठे पॅड, कारण सिझेरियन झाले तरी काही आठवडे अंगावरून जातेच. वाकावे लागू नये अशा, न घसरणाऱ्या सपाता. ऑपरेशननंतर हुडहुडी भरते म्हणून शाल आणि मोजे. सुकलेल्या ओठांसाठी तुपाची चिमुकली डबी. आणि सर्वांत वर एक लहान उशी.

"ही कशाला?" सूनबाईंनी विचारले.

"खोकला आला, शिंक आली, हसू आले किंवा उठून बसायचे झाले, की ही टाक्यांवर घट्ट धरायची. दुखणे कमी होते. मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते." मग त्यांनी ती जुनी हकीकत प्रथमच सांगितली. दाराशी उभ्या असलेल्या आजेसासूबाईंनीही ती ऐकली.

सूनबाईंच्या मनात आणखी एक काटा होता. लग्नाआधीपासून त्यांचा चौविहार कधी चुकला नव्हता. "रात्रीची औषधे, पाणी... माझा नियम मोडेल ना?" त्यांनी विचारले. सासूबाई दुसऱ्याच दिवशी स्थानकात जाऊन साध्वीजींना विचारून आल्या. पच्चक्खाणाबरोबरच त्याचे आगारही सांगितलेले असतात. आजारात समाधी टिकावी म्हणून घेतलेले औषध हा त्यांपैकीच एक, असे साध्वीजींनी समजाविले. ऑपरेशनपूर्वी अन्न-पाणी केव्हा बंद करायचे, हेही सूर्यास्ताने नव्हे, भूलतज्ज्ञांनी सांगितलेल्या वेळेनेच ठरेल, हे नक्की झाले. सूनबाई त्या रात्री निर्धास्त झोपल्या.

36वा आठवडा संपायला दोन दिवस होते. पहाटे तीनच्या सुमारास सूनबाईंना रक्त दिसले. दुखत काहीच नव्हते. कोणी "सकाळी पाहू" म्हटले नाही. बांगड्या, मंगळसूत्र आजेसासूबाईंच्या हाती देऊन, दाराशी ठेवलेली बॅग आणि फाइल उचलून सारे निघाले. पहिल्या पानावरील चौघांपैकी तिघे अर्ध्या तासात हजर झाले. रक्ताची एक पिशवी लागली. उजाडण्यापूर्वी मुलगी झाली. वजन 2 किलो 400 ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी लघवीची नळी निघाली आणि सूनबाई उशी पोटाशी धरून चार पावले चालल्या. सासऱ्यांनी जन्मनोंदणीची चौकशी केली. 21 दिवसांची मुदत त्यांना पाठच होती.

तिसऱ्या दिवशी पाहायला आलेल्या एक नातलग बाई हसत म्हणाल्या, "सुटलीस हो, कळा सोसाव्या लागल्या नाहीत!"

सूनबाईंनी मान खाली घातली. सासूबाई काही बोलणार, तोच खुर्चीवर बसलेल्या आजेसासूबाई म्हणाल्या, "असे म्हणू नये. पूर्वी मीही म्हणत असे. पोटावर टाके घेऊन ही रात्रीतून दर दोन तासांनी बाळाला पाजते आहे."

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. सासूबाईंनी घसरलेली उशी उचलून सुनेच्या हातात दिली आणि खिडकीकडे वळून डोळे पुसले.

घरी आल्यावर बॅग रिकामी झाली. उशीचा अभ्रा धुऊन ती कपाटात ठेवण्यात आली. येत्या दिवाळीनंतर धाकट्या नणंदेचे दिवस भरत आहेत.