ओळख देणाऱ्याची सही

पितळेला माणसांच्या हातांचा एक वास लागतो. एसटी कंडक्टरच्या तळहाताला येतो, तोच. अण्णांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, नगरच्या बँकेत मला सांभाळायला दिलेलं टोकन मी हुंगून पाहिलं होतं, म्हणून खात्रीनं सांगतो. रुपयाहून चांगलं मोठं, मधोमध खोदलेला आकडा, कडा झिजून गुळगुळीत. "मुठीत धर. खिशात घालू नको, खिशाला भोक असतं," अण्णा म्हणाले. माझ्या खिशाला नव्हतं. पण अण्णांच्या लेखी सगळ्याच खिशांना असायचं. म्हणून तर ते बँकेत यायचे.

राहुरीकडची एसटी तारकपूरला उतरवायची. तिथून दिल्ली दरवाजा, चितळे रोड आणि मग कापडबाजाराच्या अंगानं बँक. (नाव कशाला, तेव्हा सगळ्या बँका सारख्याच होत्या.) आता पाटीवर अहिल्यानगर आलंय, पण आमच्या तोंडी 'नगरला चाललो' हेच येतं. बँकेच्या दिवशी अण्णा धुतलेली टोपी घालत. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बंडीच्या खिशात, वरून सदरा. सोयरीक जुळवायला निघालेला माणूसही एवढा जपून निघत नसेल.

पैसे काढणं हा तासाभराचा कार्यक्रम होता. स्लिप खिडकीत दिली की कारकून तिच्यावर नंबर टाकून टोकन हातात ठेवायचा आणि स्लिप आतल्या आत प्रवासाला निघायची. आधी लेजरवाल्याकडं. ते लेजर दोन्ही हातांनी उचलावं लागे. पान काढून तो रक्कम नावे टाकायचा, शिल्लक नव्यानं मांडायचा. मग साहेबांकडं. साहेब नमुना सहीचं कार्ड काढून सही ताडून बघत. अण्णांची सही दर वेळी वेगळी यायची. नांगर धरणाऱ्या हाताला पेन नेहमी परकंच वाटलं. साहेब चष्म्यावरून म्हणत, "अण्णा, मागं एकदा पुन्हा करा." अण्णा स्लिपच्या पाठीवर पुन्हा करत. ती तिसऱ्याच वळणाची. मग साहेब कार्ड बाजूला सारून अण्णांकडं बघत आणि पास करून टाकत.

शेवटी पिंजऱ्यातला कॅशियर. "सत्तेचाळीस!" अशी हाळी आली की बाकावरची चार माणसं आपापली मूठ उघडून बघत. टोकन घेऊन तो विचारायचा, "किती?" आकडा त्याच्यासमोर स्लिपवर लिहिलेला असे, तरी विचारायचा, चुकीच्या माणसाच्या हाती पैसे जाऊ नयेत म्हणून. अण्णांना हा प्रश्न नको वाटे. मागं भावकीतलं कुणी उभं असलं तर ते जाळीला तोंड लावून पुटपुटत, आणि कॅशियर मुद्दाम मोठ्यानं म्हणे, "काय? दोन हजार?"

बंडलांना तेव्हा जाड तारेचे टाके मारलेले असत. ते उपसताना कडकड वाजे आणि एखाद्या नोटेचा कोपरा टाक्याबरोबर यायचा. बोट ओल्या स्पंजवर टेकवून नोटा मोजण्याची त्याची लय होती, ती मी घरी येऊन पत्त्यांवर करून बघायचो. २००१ साली रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की नोटा टाचू नका, कागदी पट्टीनं बांधा, जलचिन्हाच्या पांढऱ्या जागेवर लिहू नका. त्याआधीची पन्नासाची नोट कुणाच्या पोथीत सापडली तर उजेडाला धरून बघा. डाव्या अंगाला भोकांची रांग दिसेल, आणि पांढऱ्या जागेत कुणा कारकुनानं केलेली बेरीज.

आमच्याकडं बँकेत गर्दी व्हायची ती काही पगाराच्या तारखेला नाही, उसाचं पेमेंट जमा झालं की. १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेकाठी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि बघता बघता जिल्ह्यात चिमण्याच चिमण्या झाल्या. उसाचा पैसा आला तशी ज्यांच्या वाडवडिलांनी सावकाराची वहीच तेवढी पाहिली होती, त्यांच्या बंडीत पासबुकं आली. याच जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे, घरांना कुलूप न लावण्याबद्दल प्रसिद्ध. तिथं २०११ साली युको बँकेनं शाखा काढली, तीही बिनकुलपाची म्हणून गाजली. बँक कुलपावाचून चालते, एवढं त्यामुळं कळलं. ओळखीवाचून मात्र अण्णांच्या काळात कुठलीच चालत नव्हती.

खातं काढायच्या फॉर्मवर एक रकाना असे, ओळख देणाऱ्याचा. अर्जदाराला मी इतकी वर्षं ओळखतो, असं आधीच्या खातेदारानं लिहून सही करायची, आपला खाते क्रमांक घालायचा. अण्णांनी गावातल्या निम्म्या लोकांना अशी ओळख दिली होती, आणि त्याचा त्यांना देवळाच्या वर्गणीपेक्षा जास्त अभिमान होता. इथपर्यंत मी ही गोष्ट नेहमी सांगतो. पुढचं सांगत नाही.

आमच्या सालगड्यानंही एकदा फॉर्म आणला होता. दोन्ही हातांनी धरून ओट्याखाली उभा राहिला. अण्णांनी फॉर्म वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "तुला कशाला रे खातं? तुझे पैसे माझ्याकडं सुरक्षितच आहेत की." आणि ते खरंही होतं. लोखंडी कपाटात त्याचा वेगळा डबा होता, हिशेब पैशापैशाचा होता. पण वही अण्णांची, अक्षर अण्णांचं, आणि त्याला वाचता येत नव्हतं. तो "बरं अण्णा" म्हणून गेला. मी तिथंच अभ्यास करत बसलो होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आता जास्त खुपतं.

२०१४च्या ऑगस्टात जनधन योजना आली तेव्हा त्याच्या सुनेचं खातं निघालं, शून्य शिलकीवर आणि कुणाच्या सहीवाचून. पैसे काढायला ती गावातल्या बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा टेकवते. कांदे काढून आणि खुरपून तिच्या अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजल्यात की यंत्र दोन-तीनदा नाही म्हणतं. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा टेकवते. अण्णांच्या सहीला चष्म्यावरून बघणारा साहेब तिच्या वाट्याला आला नाही. पण ओट्याखालीही तिला उभं राहावं लागलं नाही.

आणि ओळखीनं चालणाऱ्या बँका तरी किती टिकतात? १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. पुरेसं भांडवल नाही आणि कमाईची शक्यता नाही, हे कारण दिलं. विम्यातून ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत मिळतात. ते देताना खातेदार कुणाचा कोण, हे विमा महामंडळ विचारत नाही. ते बरंच आहे.

परवा बँकेत पासबुक छापायच्या यंत्रापुढं उभा होतो. यंत्रानं पान तिरकं ओढलं होतं आणि मी ते हळूच सोडवत होतो. मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खांद्याला हात लावला. हातात कोरी स्लिप. "एवढी भरता का? चष्मा घरी राहिला." भरायला घेतली. नाव, खाते क्रमांक, तारीख. ते माझ्या हाताकडं नाही, तोंडाकडं बघत होते.

"कुणाचे तुम्ही?"

मी गाव सांगितलं, अण्णांचं नाव सांगितलं. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं आणि मान हलवली. नव्हते ओळखत.

"असू द्या," ते म्हणाले. "आकडा अक्षरीपण लिहा."