विचारायला कोणीतरी

निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो येतात. रिक्षाचालकाची मुलगी, ऊसतोड मजुराचा मुलगा, आईने भरवलेला पेढा, आणि मथळ्यात हटकून ‘जिद्द’. त्या मुलांचं कौतुक मलाही मनापासून वाटतं. पण महाविद्यालयात शिकवताना मी पाहत आले आहे, की जिद्द असलेली कितीतरी मुलं पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर वर्गात दिसेनाशी होतात. ती मठ्ठ नसतात, आळशी तर नसतातच.

त्यांचं अडतं ते बहुधा लहानशा गोष्टीवर. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज केव्हा भरायचा, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच का काढून ठेवायचा, एका विषयात राहिलं तरी एटीकेटी मिळते, वर्ष बुडत नाही, हे सांगणारं कोणी नसतं. शिकल्यासवरल्या घरात ही माहिती जेवताना कानावर पडते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलीला ती विचारावी लागते, आणि विचारलं तर आपण अडाणी ठरू ही धास्ती असते. मग ती गप्प राहते. हळूहळू तिची खात्री पटते, की ही जागा आपल्यासाठी नाहीच. माहितीची उणीव अशी मनात उतरते आणि तिथे न्यूनगंड होऊन बसते.

‘हे मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये केली. आपल्यासारख्याच माणसाला ते जमलेलं पाहणं, हा त्यांनी सांगितलेला एक उगम. वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांचा 2011 मधला अमेरिकेतला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. सुरुवातीला परकेपण सगळ्यांनाच जाणवतं आणि पुढे ते ओसरतं, एवढंच त्यांनी नव्या विद्यार्थ्यांपर्यंत आधीच्या विद्यार्थ्यांच्या अनुभवांतून पोचवलं. काम तासाभराचं, पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण त्यानंतरची तीन वर्षं सुधारत गेले.

आपल्याकडे हे जाणणारी माणसं आधीच होऊन गेली. शाहू महाराजांच्या पाठबळाने 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहिली. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात निरनिराळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली. ती एकत्र राबत, एका पंगतीत जेवत. पुण्यात 1955 पासून विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यांतल्या मुलांना सांभाळते आहे. या घरांनी भाकरी दिली, निवारा दिला. त्याहून मोठं देणं म्हणजे शेजारच्या कॉटवरचा सिनियर, आपल्याच तालुक्यातला, गेल्या वर्षी याच पेपरला घाबरलेला.

अर्थात नुसतं छप्पर पुरत नाही. जिथे प्रवेशाची रँक विचारून जात काढली जाते, तिथे ही सोबतच जाच ठरते. अशा ठिकाणी मुलांनाच खंबीर व्हायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तिथे संस्थेने वागणं बदललं पाहिजे.

महाविद्यालयांनी पहिल्या आठवड्यातच प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एक सिनियर आणि एक शिक्षक नावानिशी जोडून द्यावा. त्याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. आणि तुम्ही स्वतः पदवीधर असाल, तर तुमच्या गावातून यंदा कोण कॉलेजला गेलं ते शोधा, त्याला आपणहून फोन करा. तो स्वतःहून करणार नाही.