रोंडोचे तीन थांबे

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याची राजधानी सेंट पॉल. तेथे ग्रीन लाइन या विजेच्या गाडीत आम्ही बसलो आणि व्हिक्टोरिया स्थानकावर मुद्दाम उतरलो. दक्षिणेला थोडे चालले की खोलगट भागातून जाणारा महामार्ग लागतो. येथेच रोंडो ही कृष्णवर्णीय बांधवांची वस्ती होती. दुकाने, प्रार्थनामंदिरे, हक्काची घरे, सर्व काही. १९५६ ते १९६८ या काळात रस्त्यासाठी ती मधोमध चिरली गेली. शेकडो कुटुंबे उठली.

पुढे रेल्वेचा आराखडा आला, तेव्हा वेस्टर्न, व्हिक्टोरिया, हॅमलिन हे तीन थांबे त्यात नव्हते. गाडी गरिबांच्या दारावरून जाणार, पण थांबणार नाही! केंद्र सरकारचा खर्चाचा निकष आडवा आला होता. रहिवासी संघटित झाले, लढले. २०१० मध्ये निकष बदलला, तिन्ही थांबे मिळाले. १४ जून २०१४ रोजी गाडी सुरू झाली.

२०१५ मध्ये महापौरांनी रोंडोची जाहीर माफी मागितली. (माफीने घर परत येत नाही, ही गोष्ट वेगळी.) महामार्गावर छत घालून जमीन परत मिळवावी, अशी मागणी रोंडोवासीयांनी पुढे आणली आहे. ती जमीन कोणाच्या नावावर लागणार, हे आम्हाला पाहायचे आहे.