समोर न बसलेली माणसं

अंबड, नाशिक

प्रिय बाळा,

शिक्षण संपवून तू जोडप्यांच्या समुपदेशनाचं काम इथेच सुरू करणार, हे वाचून फार आनंद झाला. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अंबडमध्ये आधी एमआयडीसीची पाळी विचारायची. सकाळी अकराची वेळ दिली आणि नवरा आला नाही, तर ‘इच्छा नाही’ असं नोंदवू नकोस. नाईट करून तो झोपलेला असेल. दोन खोल्यांचं घर, आत सासूबाई, मुलांचा अभ्यास. नवरा-बायकोने मोकळेपणी भांडायचं तरी कुठे? अशा घरातला अबोला हा दरवेळी प्रेम आटल्याचा नसतो.

इथली कितीतरी घरं खानदेशातून आलेली. समोर दोघं बसतात, पण बोलण्यात गावची आई असते, थोरला भाऊ असतो, लग्न जमवणारे मामा असतात. ‘आईला नाही म्हणायला शिका’ असं त्याला सांगितलंस, तर तो पुन्हा येणार नाही. गावी पैसे जातात तेव्हा बायकोला आधी कळतं का, ते विचार. बहुतेक वेळा तिचा राग पैशांवर नसतो. आपल्याला कुणी विचारलंच नाही, यावर असतो. तिला अहिराणीत बोलू दे. प्रमाण मराठीत ती तक्रार करते, अहिराणीत मन मोकळं करते.

घरच्यांना अडथळा मानू नकोस. 1950च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात खाटा अपुऱ्या होत्या, तेव्हा डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबूत रुग्णांसोबत राहू दिलं. उपचारात कुटुंबाला सामील करून घेण्याची आपल्याकडची ही मोठी सुरुवात. घरातलं ज्याचं ऐकलं जातं, अशा माणसाला एखाद्या भेटीला बोलव. मात्र दोघांची संमती घेऊनच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘आमच्याकडे असंच चालतं’ हे वाक्य मारहाणीसाठी आलं, की तिथे रीतभात संपली. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005च्या कायद्याखाली 2006मध्ये नियम झाले. त्यांनुसार चालणाऱ्या समुपदेशनात हिंसेचं समर्थन करायला परवानगीच नाही, आणि हे समोरच्याला सुरुवातीलाच सांगायचं असतं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. तू तो तुझ्या खोलीतही पाळ. ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून’ हे ऐकून घेतलंस, की पुढची सगळी चर्चा तिच्या जिभेवर सरकते आणि त्याचा हात सुटतो.

बैठकीतली मोठी माणसं ‘मिटवा एकदाचं’ म्हणून घाई करतील. तिचे आईवडीलही करतील. तू करू नकोस. पहिल्याच भेटीत दोघांशी वेगवेगळं बोल. आणि तिला नांदायला परत जायचं आहे का, हे तिला एकटीला विचारल्याशिवाय समझोत्याचा कागद पुढे ठेवू नकोस.

तुझी,
मावशी