वणव्याला चकवणारा पळस

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाताना तिसगाव लागतं. जवळच गर्भगिरीचे डोंगर. उन्हाळ्यात डोंगरावरचं गवत कडकडीत वाळतं. एक ठिणगी पडली की वणवा! मग अशा माळावर झाडांचं बी वाचतं कसं?

पळसाचंच बघा ना. फुलतो फाल्गुनात, पण त्याच्या चपट्या शेंगा पिकतात वैशाख-ज्येष्ठात. शेंगेच्या टोकाला एकच बी. वाऱ्यावर अख्खी शेंगच गिरक्या घेत उडते, खाली पडते आणि पाठोपाठ पाऊस येतो! रोप आधी मूळ खोल धाडतं. शेंडा जळाला, तरी मुळातून पुन्हा फुटतं.

पण दरवर्षीच शेंडा जळाला, तर रोपाचं झाड होणार कधी? म्हणून दोस्तांनो, डोंगरावर गंमत म्हणूनसुद्धा काडी ओढू नका!