शेवटच्या खोलीचा विचार

वायफायचा राउटर हा आरोग्याशी निगडित विषय असू शकतो, असे गेल्या पावसाळ्यापर्यंत मलाही वाटले नव्हते. आमच्या जुन्या घरात आईची खोली अगदी मागे आहे. एका सायंकाळी तिला धाप लागली. व्हिडिओ कॉलवर डॉक्टर तिचा श्वास पाहत होते, तोच पडद्यावरचा त्यांचा चेहरा स्तब्ध झाला. फोन घेऊन मी दिवाणखान्यात धावलो. तेथे डॉक्टर पुन्हा दिसू लागले. पण तेथे आई नव्हती.

नवा राउटर घेताना दुकानदाराने खोक्यावरील वेगाचे मोठे आकडे दाखविले. बहुधा तो आकडा सर्व लहरपट्ट्यांच्या वेगाची बेरीज असतो. प्रत्यक्षात एका फोनला तेवढा वेग मिळत नाही. आपण विचारावे ते निराळेच : रुग्णाच्या खाटेपर्यंत काय पोहोचते? २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून दूरवर जातात; ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, परंतु भिंतींपुढे लवकर क्षीण होतात. म्हणून दोन्ही पट्ट्यांवर चालणारा राउटर घ्यावा. तो टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटाआड न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळा ठेवावा. जाड भिंतींच्या घरात तेवढ्यानेही भागले नाही, तर परस्परांशी जोडलेल्या दोन-तीन उपकरणांचा ‘मेश’ संच उपयोगी पडतो. आम्ही त्यातील एक उपकरण आईच्या दाराबाहेर ठेवले.

आणखी दोन गोष्टी विसरू नका. वीज गेली की राउटरही बंद पडतो; म्हणून तो आणि इंटरनेट कंपनीने बसविलेली पेटी, दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर असावीत. राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि नवा पासवर्ड मोठ्या अक्षरांत वहीत लिहून ठेवावा. तरीही जीव घाबरा होईल अशा प्रसंगी वायफायवर विसंबू नये; साध्या फोनवरून १०८ क्रमांक लावावा.

खरेदीनंतर एक परीक्षा अवश्य घ्या. ज्येष्ठांच्या खाटेवर बसा, दार लावा आणि कोणाला तरी व्हिडिओ कॉल करा. आम्ही तो माझ्या बहिणीला केला. आई तिच्याशी अर्धा तास बोलत राहिली, तीही आपल्याच उशीला टेकून.